कुलकर्णी सरांच्या नावावर अठ्ठावन्न

"वंदना, मला परत कामावर घेतलंय का तुम्ही?"

फोन कुलकर्णी सरांचा होता. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि मी औरंगपुऱ्यात स्कूटर लावायला जागा शोधत होते. कुलकर्णी सर आमच्या कंपनीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सिडकोत राहतात, सकाळी फिरायला जातात, नातीला शाळेच्या बसवर सोडून येतात. त्यांना कोण कामावर घेणार?

"काय झालं सर?"

"अगं, आठ दिवस झाले, रोज सकाळी बरोबर नऊला मेल येतोय. कोणीतरी बाई आहे. फार सभ्य. 'नमस्कार कुलकर्णी, आपल्या नावावर अठ्ठावन्न कामं प्रलंबित आहेत, त्यांतल्या सर्वांत जुन्या कामाची सद्यःस्थिती कळवाल का?' मी दोनतीन कामांचं कळवलं. पण अठ्ठावन्न म्हणजे जरा जास्त होतात या वयात."

मी स्कूटर होती तिथंच, एका साडीच्या दुकानासमोर उभी केली. दुकानदार काहीतरी ओरडत बाहेर आला, पण माझं लक्ष नव्हतं. ती अठ्ठावन्न कामं सरांच्या नावावर मीच टाकली होती.

माझं काम नेमकं काय, हे माझ्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. कारखान्याच्या गेटजवळ ट्रक उभा राहील एवढा लोखंडी ओटा दिसतो आणि शेजारी एक केबिन असते, तो वजनकाटा. ओट्याखाली वजन ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्या वायरी एका डबीत एकत्र येतात आणि तिथून केबिनमधल्या कॉम्प्युटरला जातात. त्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आमच्या कंपनीचा. वाळूजला त्यावर पत्रा आणि भंगार मोजतात, वैजापूरकडं कापूस आणि कांदा. काटा अडला की गेटवर गाड्यांची रांग लागते आणि सगळे मिळून आमच्या नावानं बोटं मोडतात. तक्रार घ्यायची, माणूस पाठवायचा, काम झालं का ते बघायचं, हे माझं खातं. अठरा वर्षं झाली.

प्रत्येक तक्रारीचं कॉम्प्युटरवर एक तिकीट बनतं. त्यावर नंबर, ग्राहक, तक्रार आणि ज्यानं ते काम करायचं त्या माणसाचं नाव. नाव टाकल्याशिवाय तिकीट पुढं सरकत नाही. वेळेत मिटलं तर हिरवं, मुदत गेली की लाल. दर सोमवारी दहा वाजता कोणाचं किती हिरवं आणि किती लाल, याचा तक्ता मालकांकडं जातो.

ऐकायला सोपं आहे. पण ग्राहक सोपे नसतात. वैजापूरच्या एका कापसाच्या जिनिंगचे मुनीमजी प्रत्येक ट्रकमागं एक तिकीट टाकायचे. एका सकाळी अकरा तिकिटं, आणि अकराही 'अर्जंट'. मी फोन करून म्हटलं, "मुनीमजी, काटा एकच आहे ना?" तर म्हणाले, "काटा एकच हाय बाई, पण भांडणं अकरा झाली." त्याच जिनिंगच्या मालकांनी एकदा तिकीट टाकलं की काटा वजन जास्त दाखवतोय, आणि त्याच दिवशी मुनीमजींनी टाकलं की कमी दाखवतोय. दोघांनाही मी मनात वेड्यात काढलं होतं.

खरं तर दोघंही बरोबर होते, हे भागवतनं शोधलं. भागवत आमचा साइटवर जाणारा इंजिनिअर. चाळिशीचा, वैजापूरजवळच्या खेड्यातला, घरी शेती. बोलायला मोकळा, लिहायला महाकंजूष. त्यानं जाऊन पाहिलं तर ओट्याखालच्या खड्ड्यात पाणी साठत होतं. त्या ओलीनं डबी दमट व्हायची, त्यामुळं सकाळी काटा एक सांगायचा आणि ऊन चढलं की दुसरंच. खड्डा फोडून पाण्याला वाट काढून देणं हाच खरा उपाय, पण ते काम जिनिंगवाल्यांचं, आणि हंगामात काटा बंद ठेवायला ते तयार नव्हते. मग भागवत गावाकडं जाताना बायकोचा केस वाळवायचा ड्रायर पिशवीत घालून न्यायचा, डबी उघडून वाळवायचा, परत बसवायचा. तिकिटावर लिहायचा, "जाऊन आलो. सध्या ठीक."

आणि तिकीट बंद करायचा नाही.

"बंद कर की," मी म्हणायचे. "काटा चालू आहे ना?"

"चालू हाय. पण बरा झाला नाय ना मॅडम. खड्डा तसाच हाय. मिटलं कसं म्हणू?"

बाकीचे तिघं इंजिनिअर गेटवरूनच तिकीट बंद करून निघायचे. आठ दिवसांनी तीच तक्रार परत आली, तर ती नव्या नंबरानं येते आणि परत हिरवी होते. भागवतचं मात्र एकेक तिकीट महिनोन्महिने उघडं आणि लाल. सोमवारी मालक विचारायचे, मी उत्तरं देऊन थकायचे.

मग कुलकर्णी सर निवृत्त झाले. त्यांचं नाव सिस्टीममधून काढायचं राहून गेलं होतं. एका सोमवारी, पावणेदहाला, मी भागवतची सहा तिकिटं कुलकर्णी सरांच्या नावावर टाकली. निवृत्त माणसांचा तक्ता निघत नाही, त्यामुळं ती कुठंच दिसेनात. इतकं सोपं होतं ते. पुढं आमच्यात तशी रीतच पडली. ग्राहकाकडून काम अडलं, खड्डा बांधायचा राहिला, हंगाम संपायची वाट बघायची आहे, की "टाका कुलकर्णी सरांवर." नवीन लागलेल्या मुलींना तर कुलकर्णी हे कपाटाचं नाव वाटायचं. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. आमचे मालक विनय सर, वडिलांची कंपनी चालवतात, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान.

गेल्या वर्षी त्यांनी तिकिटांच्या सिस्टीमला एआय जोडला. त्याला मराठीत सांगायचं, तो मराठीत उत्तर देतो. भागवत त्याला 'तो' म्हणतो, कुलकर्णी सर 'ती' म्हणाले, माझं अजून ठरलेलं नाही. पहिले सहा महिने मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. मुनीमजींची अकरा तिकिटं त्यानं एका झटक्यात एक केली. वाळूजच्या गेटवरचा चाचा नेहमी फक्त "काटा फिर रूठ गया" एवढंच लिहितो. आधीच्या तक्रारी वाचून एआयनं बरोबर सांगितलं की प्रिंटरचा कागद अडकला असणार. आणि अडकलाच होता. प्रत्येक सूचनेखाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं यायची. आधी मी प्रत्येक सूचना वाचून 'होय' दाबायचे. मग अर्धी वाचून. मग नुसतंच दाबायला लागले. जुन्या कामांची ज्याच्या त्याला रोज मेलनं आठवण देऊ का, यालाही मी असंच 'होय' दाबलं असणार.

डिसेंबरात विनय सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, महिनाअखेर चारही इंजिनिअरांचे करार संपतायत. आता गाड्यांचं नियोजन एआय करतो, तर तिघांत भागेल असं वाटतं. कोणाला थांबवायचं ते तक्त्यावरूनच ठरवू. म्हणजे कोणावर अन्याय नको."

मी हो म्हटलं. भागवतचा तक्ता मी स्वच्छ ठेवला होता, मला काळजी नव्हती.

त्याच आठवड्यात कुलकर्णी सरांचा तो फोन आला. ऑफिसात पोचल्या पोचल्या मी एआयला लिहिलं, कुलकर्णी निवृत्त आहेत, त्यांना मेल पाठवणं बंद कर. लगेच उत्तर आलं: समजलं, क्षमस्व. त्यांचं खातं बंद करतो. त्यांच्या नावावरची अठ्ठावन्न तिकिटं प्रत्येक तिकिटावर शेवटचं काम केलेल्या व्यक्तीकडे सोपवू का?

माझ्या एका कानाला फोन होता. फोनवर मुनीमजी होते. मी 'होय' दाबलं.

तो शुक्रवार होता. सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी विनय सर स्वतः माझ्या टेबलाशी आले, हातात तक्ता.

"मॅडम, हे भागवतचं काय? एकोणपन्नास लाल. काही तर सहा वर्षांपूर्वीची. मागच्या सोमवारी शून्य होती!"

मी तक्ता पाहिला आणि क्षणभर खरंच समजलं नाही. एवढी तिकिटं आली कुठून? मग ओळखीचे नंबर दिसायला लागले. अठ्ठावन्नपैकी एकोणपन्नास तिकिटांवर शेवटची ओळ एकच होती. जाऊन आलो. सध्या ठीक.

"सिस्टीममध्ये काहीतरी गोंधळ आहे," मी म्हटलं. "बघते."

"उद्या दहाला बसू. भागवतलाही बोलवा," म्हणून ते गेले.

मग मी सगळं पूर्ववत करायला बसले, आणि गोंधळ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी लिहिलं, तिकिटं होती तशी परत कर. एआय म्हणाला, कुलकर्णी यांचं खातं शुक्रवारी नऊ चाळीसला आपल्या मंजुरीनं बंद झालं आहे, बंद खात्यावर काम सोपवता येत नाही. मी लिहिलं, मग भागवतच्या नावावरून काढ. तो म्हणाला, चौघांत समान वाटू का? मी जवळजवळ 'होय' दाबणार होते. मग डोळ्यांसमोर बाकीच्या तिघांचे चेहरे आले. मी विचारलं, भागवतलाच का दिली? त्यानं कारण दिलं: कारण ही कामं त्यांनीच केली आहेत.

खरंच होतं ते. सहा वर्षं ती कामं त्यानंच केली होती, आणि सहा वर्षं ती त्याच्या नावावर नव्हती. ज्या दिवशी ती त्याच्या नावावर आली, त्या दिवशी तो कंपनीतला सगळ्यांत कुचकामी माणूस ठरला. यात चूक एआयची, माझी, की तक्त्याची, हे मला त्या दुपारी ठरवता आलं नाही. चहा समोर ठेवला होता, तो तसाच गार झाला.

चार वाजता भागवतचा वाळूजहून फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"मॅडम, मोबाइलवर काय तरी लई लाल आलंय. एकोणपन्नास. माझ्यावरच हायेत का सगळी?"

"तुझ्यावरच आहेत. माझ्यामुळं आलीत."

"म्हंजे ती कुलकर्णी सरांवरची?"

"हो."

"महिनाअखेर करार हाय माझा. एकाला कमी करणार म्हणून गेटवरचा चाचासुद्धा बोलून ऱ्हायला. घरी अजून सांगितलं नाय मी. सांगू का आता?"

"नको. उद्या दहाला ये. शर्ट इस्त्रीचा घाल."

त्याला दुसरं काय सांगावं ते सुचलं नाही, म्हणून शर्टाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही तिघं बसलो. मी ठरवून आले होते की गोल गोल बोलायचं नाही. पहिल्याच वाक्यात सांगितलं की ही तिकिटं निवृत्त माणसाच्या नावावर लपवायची रीत मी सुरू केली, भागवतनं ती कधी मागितली नव्हती.

विनय सरांनी हातातला तक्ता टेबलावर ठेवला. "म्हणजे सहा वर्षं मी दर सोमवारी जो तक्ता बघत होतो, तो कसला होता?"

"जे मिटलं त्याचा होता. जे मिटत नव्हतं ते कुलकर्णी सरांकडं होतं."

"आणि कुलकर्णी काकांना हे माहीत होतं?"

"गेल्या आठवड्यापर्यंत नव्हतं. आता त्यांनी तीन तिकिटांना उत्तरंही दिलीयत."

त्यांनी स्क्रीनवर ती तिकिटं उघडली. खरंच, जिनिंगच्या तिकिटावर सरांनी सिडकोतून लिहिलं होतं, "खड्ड्यातलं पाणी काढल्याशिवाय काही होणार नाही. हे मी नोकरीत असतानाही सांगितलं होतं." आणि त्याखाली एआयनं त्यांचे आभार मानले होते.

विनय सरांना हसावं की चिडावं ते कळेना. शेवटी चिडले. "मॅडम, तुम्हाला मी सगळ्यांत भरवशाच्या समजत होतो. आता मी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवू, सांगा. लाल खरं की हिरवं खरं?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

तेव्हा भागवत खुर्चीत पुढं सरकला. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं. "सर, मी एक बोलू का? तुमच्या त्या एआयला एक इचारून बघा. आमी चौघं जिथं जिथं जाऊन आलो, तिथनं पंधरा दिवसांत परत तीच बोंब किती बारी आली?"

विनय सरांनी टाइप केलं. मला भागवतबद्दल खात्री होती, पण एआयबद्दल काहीच नव्हती.

उत्तर यायला चहाचा एक घोट घेण्याइतका वेळ लागला. तिघांच्या हिरव्या तिकिटांतली बरीचशी पंधरवड्याच्या आत नव्या नंबरानं परत आली होती. त्याच केबिन, त्याच तक्रारी. भागवतच्या लाल ठिकाणांहून परत तक्रारी जवळजवळ नव्हत्या. जिनिंगचा काटा गेल्या दोन हंगामांत एक दिवसही बंद पडला नव्हता. शेवटी एआयनं एक ओळ जोडली होती: मात्र भागवत यांच्या नोंदी फारच त्रोटक आहेत.

"हे खरं हाय," भागवत म्हणाला.

विनय सरांनी परत टाइप केलं, आता जरा जोरात: मग हे सोमवारच्या तक्त्यात का नव्हतं?

उत्तर आलं: हा प्रश्न आधी विचारला गेला नव्हता.

अठरा वर्षांत मीही तो प्रश्न विचारला नव्हता. भागवतला लाल शाई लागू नये एवढंच मी बघत राहिले. त्या नादात त्याचं कामही झाकलं जातंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटत होतं, मी त्याला सांभाळतेय.

त्या महिन्यात चौघांचेही करार झाले. विनय सरांना पटलं म्हणून झाले, की आता कोणाला काढायचं हेच त्यांना कळेना म्हणून झाले, ते मी विचारलं नाही. बाकीचे तिघं इंजिनिअर दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांचंही चुकत होतं असं म्हणवत नाही. जे मोजलं जातं तेच माणूस करतो, आणि मोजणारी मीच होते. आता सोमवारच्या तक्त्यात 'परत आलेल्या तक्रारी' असा नवा रकाना आहे. तो आल्यापासून तिघंही गेटवर जरा जास्त वेळ थांबतात. त्यामुळं दुसरीकडं पोचायला उशीर होतो आणि तिथले लोक ओरडतात. हे बरं झालं की वाईट, हे विचारायला मी अजून एआयकडं गेलेले नाही.

विनय सरांनी एक नियम मात्र ठणकावून सांगितला. प्रत्येक तिकीट कामावर असलेल्याच माणसाच्या नावावर हवं. एकोणपन्नासपैकी बरीच तिकिटं भागवतनं फोन करकरून महिनाभरात मिटवली. त्यातली कितीतरी ग्राहकांनी कधीच दुरुस्त करून घेतली होती, फक्त आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. शेवटी सात उरली. त्यातलं सगळ्यांत जुनं जिनिंगचं.

"राहू द्या माझ्या नावावर," भागवत म्हणाला. "आता सरांना माहीत हाय."

"या वर्षी माहीत आहे," मी म्हटलं. "पुढच्या डिसेंबरात तक्ता बघणारा कोण असेल, सांगता येतं का?"

मी सातही माझ्या नावावर घेतली. काम त्याचं, नोंद त्याची, लाल माझं. सगळ्यांना माहीत असलेलं, उघड.

कुलकर्णी सरांचा मध्ये एकदा फोन आला होता. मेल बंद झाले का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "झाले बाई. सकाळी नऊला आता कोणी काही विचारत नाही." मग म्हणाले, "खड्ड्याचं काय झालं ते मात्र कळव."

खड्डा उन्हाळ्यात फोडणार होते. फोडला नाही. मुनीमजी म्हणतात, या हंगामानंतर नक्की.

दर सोमवारी एआय मला लिहितो: सर्वांत जुनं प्रलंबित काम आपल्या नावावर आहे, ते दुसऱ्या कोणाकडे सोपवू का? मी फोन खाली ठेवते, चष्मा लावते, सगळी ओळ शेवटपर्यंत वाचते आणि 'नाही' दाबते. मग तिकीट उघडते. या आठवड्यातही त्यावर नवी नोंद आहे. नोंदी सविस्तर लिहायला मी भागवतला कितीदा बजावलं आहे, त्यानं यावेळी एक शब्द वाढवला.

"जाऊन आलो. वाळवलं. सध्या ठीक."